कागदावरचे शब्द आणि हातातले कसब

दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावच्या भिंती आणि विजेचे खांब नव्या पाट्यांनी भरून जातात. 'शासनमान्य डिप्लोमा', 'सर्टिफिकेट कोर्स', 'कौशल्य विकास', 'अॅप्रेंटिसशिपची संधी', 'शंभर टक्के नोकरी'. पाट्यांवरचे हे शब्द वाचणाऱ्याला ओळखीचे वाटतात, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस चार जणांना विचारतो. ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारायला त्याला संकोच वाटतो. मग फी भरली जाते, सहा महिने किंवा दोन वर्षे निघून जातात, आणि हाती आलेल्या कागदावरच्या शब्दाचा खरा अर्थ पुढच्या दाराशी गेल्यावर कळतो.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की हुंडीवर सही करण्यापूर्वी ती वाचावी. रक्कम किती, मुदत किती, देणारा कोण आणि घेणारा कोण, हे पाहावे. व्यवसाय शिक्षणातल्या शब्दांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे, असे माझे मत आहे. 'प्रमाणपत्र', 'पदविका', 'शिकाऊ उमेदवार', 'श्रेयांक' ही नुसती नावे नाहीत. प्रत्येक शब्दामागे काही हक्क आहेत आणि काही मर्यादा आहेत. त्या शिकणाऱ्याला त्याच्या भाषेत, आणि तेही प्रवेश घेण्यापूर्वी, सांगितल्या गेल्या पाहिजेत. ही जबाबदारी संस्थांची आहे, आणि थोडीफार आपली, म्हणजे पदवीच्या वर्गात बसलेल्यांचीही आहे.

प्रथम 'व्यवसाय' हाच शब्द घ्या. आमच्या पुस्तकात व्यवसाय म्हणजे नफ्याच्या हेतूने केलेला उद्योगधंदा. आय.टी.आय.च्या दारातून आत गेले की 'व्यवसाय' म्हणजे ट्रेड: जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री. यांनाच आपण फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन म्हणतो. वर्तमानपत्रात मात्र 'व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश' असा मथळा आला की तो वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचा असतो. डॉक्टर होणेही व्यावसायिक आणि वेल्डर होणेही व्यवसाय. शब्द एकच, पण पहिल्याच्या घरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच्या घरी 'काय करणार, मार्क कमी पडले' असे खालच्या आवाजात सांगितले जाते. भाषेने दोघांना एका पंगतीत बसवले, समाजाने मात्र पाने वेगळी मांडली.

कधी कधी शब्दच अंगावर उलटतो. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाची दहा अधिक दोन अशी रचना सुचवली आणि वरच्या दोन वर्षांत मोठ्या संख्येने विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत अशी अपेक्षा धरली. त्याच विचारातून आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत एक अभ्यासक्रम आला. त्याचे नाव 'किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम', बोलीत एम.सी.व्ही.सी. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांच्या मनातला अर्थ चांगला होता. यापेक्षा कमी कौशल्य चालणार नाही, एवढे तरी यायलाच हवे, असा तो 'किमान' होता. ऐकणाऱ्याने मात्र तो उलटा घेतला: यांना किमानच येते. जो पाया म्हणून सांगितला, तो छत म्हणून ऐकला गेला. 'मी किमान कौशल्याला आहे' असे सांगताना मुलांची मान खाली जात असे. पुढे 'उच्च माध्यमिक व्यावसायिक अभ्यासक्रम' असे नाव आले, पण जुने नाव लोकांच्या तोंडून गेले नाही.

हा प्रकार आपल्याकडेच घडला असे नाही. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतल्या 'व्होकेशनल' शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. काही पिढ्यांत त्या शब्दाला कमीपणा चिकटला. अभ्यासात मागे पडणाऱ्याला जेथे पाठवायचे ते शिक्षण, अशी त्याची ओळख झाली. तेथल्या या क्षेत्रातील शिक्षकांच्या संघटनेने १९९८ मध्ये आपल्या नावातून तो शब्द काढून 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' हे नाव घेतले आणि २००६ मध्ये केंद्रीय कायद्यानेही तेच शब्द स्वीकारले. मात्र तेथे या शिक्षणाला आधार आहे तो नावापेक्षा कम्युनिटी कॉलेजांचा. गावातल्या माणसाने परवडणाऱ्या फीमध्ये दोन वर्षे शिकावे, हातचे काम शिकून नोकरीला लागावे, किंवा तेथेच मिळवलेले श्रेयांक घेऊन विद्यापीठात वरच्या वर्षाला जावे, अशी ती सोय आहे. दोन्ही वाटा एकाच अंगणातून निघतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी सुरू केली. योजना आली, शब्द आले. पण त्या अंगणातून कोणकोणत्या वाटा निघतात हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आपल्या महाविद्यालयाच्या पटांगणात मराठी आणि कन्नड एकमेकींना सारख्या भेटतात, त्यामुळे शब्दांची एक गंमत आपल्याला फुकट मिळते. मराठीत 'कसब' म्हणजे हातातले कौशल्य. कन्नडमध्ये 'कसुबु' म्हणजे धंदा, पोट भरण्याचे काम. मूळ अरबी शब्द एकच. मराठीने त्यातले कौशल्य उचलले आणि कन्नडने उपजीविका. दोन्ही भाषा जाणणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत, आणि व्यवसाय शिक्षणाची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही परिपत्रकात मिळालेली नाही. कन्नडमध्ये उद्योगधंद्याला 'कैगारिके' म्हणतात. 'कै' म्हणजे हात. यंत्रे कितीही आली तरी त्या शब्दाने हात सोडलेला नाही. 'उद्योग' हा शब्द मात्र फसवा आहे. कन्नडमध्ये त्याचा अर्थ नोकरी; आपण ज्याला रोजगार हमी म्हणतो तिला तिकडे 'उद्योग खात्री' म्हणतात. मराठीत उद्योग म्हणजे कारखानदारी, आणि आईच्या तोंडी 'नसते उद्योग करू नकोस' म्हणजे खोड्या! सीमाभागातला एखादा मुलगा दोन राज्यांची माहितीपत्रके हातात घेऊन बसतो, तेव्हा त्याच्यापुढे ही गंमत राहत नाही, अडचण होते.

यात गुजरातीची भर मला सुरतेत पडली. माझे मामा पूर्वीच सोलापूरकडून तिकडे मागावर कामाला गेले आणि आता कोसाडला राहतात. मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर सुरत स्टेशन सोडले, तापी ओलांडली की उत्राण आणि त्यापुढचे स्टेशन कोसाड. अमरोलीला लागून असलेला हा भाग आता शहरातच मोडतो. झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी महापालिकेने बांधलेली मोठी वसाहत येथे आहे. ओडिया, हिंदी, मराठी, गुजराती अशा सगळ्या बोली एका जिन्यावर ऐकू येतात. तेथे आय.टी.आय.ला 'औद्योगिक तालीम संस्था' म्हणतात. आपल्याकडे तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. पहिल्यांदा तो शब्द ऐकून मला हसू आले, पण विचार केल्यावर वाटले की शब्द वाईट नाही. रोज घाम गाळल्याशिवाय आणि वस्तादाच्या हाताखाली राहिल्याशिवाय जे येत नाही, ते दोन्हीकडे सारखेच.

सुरतेत मागावर काम करणाऱ्याला 'कारीगर' म्हणतात, आणि हिरे घासणाऱ्याला तर 'रत्नकलाकार'. किती सुंदर शब्द! पण या सुंदर शब्दाच्या आत डोकावून पाहिले पाहिजे. रत्नकलाकाराला पुष्कळ ठिकाणी नगावर मजुरी मिळते आणि कारीगराला मीटरवर. जेवढे काम तेवढा दाम. मंदी आली, काम थांबले की दामही थांबतो. कामगार कायद्यांचे संरक्षण मिळावे ही मागणी हिरे कामगारांच्या संघटना करीत आल्या आहेत. 'कलाकार' म्हणून गौरवायचे आणि 'कामगार' म्हणून द्यायचे ते द्यायचे नाही, असा सौदा होऊ शकतो. म्हणून शब्द गोड आहे की नाही हे पाहून भागत नाही. त्या शब्दामुळे हातात काय पडते हे पाहावे लागते.

मामांचेच उदाहरण घ्या. मागांच्या खोलीत शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, पण आपल्या एका मागाचा आवाज बदलला की मामांची मान तिकडे वळते. तुटलेला तार शोधून गाठ मारून माग पुन्हा चालू करायला त्यांना काही क्षण लागतात. एका वेळी कित्येक मागांवर त्यांचे लक्ष असते. या माणसाच्या नावापुढे एका सरकारी अर्जात 'मजूर' असे लिहिले गेले, कारण दाखवायला कागद नव्हता. किमान वेतनाच्या कोष्टकात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे रकाने असतात, आणि रकान्यागणिक दर बदलतो. अनुभवाने शिकलेल्या अशा माणसांसाठी 'पूर्वज्ञानाची मान्यता' अशी सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला आर.पी.एल. म्हणतात. जे येते ते तपासून त्याचे प्रमाणपत्र द्यायचे, अशी ती कल्पना आहे. मी मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आर.पी.एल. म्हणजे क्रिकेटचं का रे?" यात दोष त्यांचा नाही. ज्याच्यासाठी सोय केली त्याच्या कानाला कळेल असे नावच तिला मिळालेले नाही.

मामेभावाची गोष्ट वेगळी. त्याने बारावीनंतर एका खाजगी क्लासमध्ये कापडावरच्या संगणकीय डिझाइनचा सहा महिन्यांचा 'डिप्लोमा' केला. शिकवणारे प्रामाणिक होते, तो काम शिकला आणि त्यावर कमावतोही. पुढे त्याच्या मनात तंत्रनिकेतनात शिकावे असे आले. आय.टी.आय. झालेल्याला योग्य त्या शाखेत पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो हे त्याने ऐकले होते. त्याला वाटले, आपल्याकडे तर डिप्लोमाच आहे! खिडकीवर त्याला सांगण्यात आले की या कागदाचा येथे उपयोग नाही. फी परत मागण्यासारखे काही घडले नव्हते, कोणी खोटेही बोलले नव्हते. एक शब्द दोन अर्थांनी वापरला गेला, एवढेच. पण त्याची किंमत त्याने भरली.

आणि अर्थ दोनच नाहीत. तंत्रनिकेतनाची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची असते आणि तिच्यामागे तंत्रशिक्षण मंडळ असते. तेथून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. बी.व्होक.च्या रचनेत पहिले वर्ष पुरे करून बाहेर पडणाऱ्याला डिप्लोमा आणि दुसऱ्या वर्षानंतर उच्च पदविका मिळते. खाजगी क्लासचा डिप्लोमा सहा महिन्यांचाही असतो. तिन्ही कागदांवर शब्द तोच. बाजारात किलोचे वजन दुकानागणिक बदलले तर आपण वजनमापे निरीक्षकाला बोलावू. डिप्लोमाच्या वजनाबद्दल मात्र आपण गप्प असतो. हा गोंधळ कमी व्हावा म्हणूनच २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आला. त्यात सगळ्या शिक्षणक्रमांना चढत्या पायऱ्यांवर बसवले आहे, आणि पुढे त्याची फेररचनाही झाली. कागदावर पायरीचा आकडा असेल तर शब्दाचे वजन कळते. तो पाहायचा असतो हे मात्र कोणी तरी सांगायला हवे.

'उमेदवारी' या शब्दाचा प्रवास असाच बोलका आहे. आपल्या आजोबांच्या मराठीत उमेदवारी करणे म्हणजे एखाद्याच्या हाताखाली, बहुधा बिनपगारी, काम शिकणे. आज उमेदवार म्हटले की निवडणुकीचा अर्ज आठवतो. कायद्याने जुना अर्थ 'शिकाऊ उमेदवार' म्हणून जपला आहे. कर्नाटकात त्यालाच 'शिशिक्षु' म्हणतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे हा शिकणारा असतो, कामगार नव्हे. त्यामुळे त्याला वेतन न मिळता 'विद्यावेतन' मिळते, आणि मुदत संपल्यावर त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असे नाही. ही मर्यादा झाली. हक्कही आहेत: करार लेखी असतो आणि त्याची नोंद व्हावी लागते, ठरलेले विद्यावेतन द्यावेच लागते, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. म्हणून कोणी 'आमच्याकडे अॅप्रेंटिस म्हणून ये' असे म्हणाले, तर पहिला प्रश्न 'करार कोठे आहे?' हाच हवा. करार नसेल तर ती आजोबांच्या काळातली उमेदवारी, फक्त नाव इंग्रजी!

शेवटचा शब्द आमच्या शाखेला जवळचा: 'क्रेडिट'. खतावणीत क्रेडिट म्हणजे जमा, बँकेत पत, दुकानात उधारी. नव्या शैक्षणिक धोरणाने त्याला 'श्रेयांक' केले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाचे १२०० तासांचे शिकणे म्हणजे ४० श्रेयांक, म्हणजे तीस तासांना एक, असा हिशेब आहे. हे श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ पासून 'अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहे. कल्पना चांगली आहे, कारण वर्गातला तास आणि कार्यशाळेतला तास एकाच खात्यात जमा होऊ शकतो. पण खाते उघडून देणे आणि खातेदाराला पासबुक वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती श्रेयांक जमा आहेत, ते कोणती संस्था वटवून देईल आणि किती दिवस चालतील, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसेल तर ती जमा नावापुरती.

यावर आपल्याच काही प्राध्यापकांचा आक्षेप मी ऐकला आहे. ते म्हणतात, "नोकऱ्या इंग्रजीतून येतात, शब्दांची भाषांतरे करून काय साधणार? 'संधाता' म्हटल्यावर वेल्डरलाही कळत नाही." त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. वेल्डरला वेल्डरच म्हणावे. शब्द मराठी आहे की इंग्रजी हा माझा वाद नाही. वाद एवढाच आहे की शब्दामागचा करार समजेल अशा भाषेत सांगावा. 'संधाता' लिहून अर्थ न सांगणे आणि 'आर.पी.एल.' लिहून अर्थ न सांगणे, दोन्ही सारखेच.

शब्द सरळ असू शकतात याचा दाखलाही आपल्या घरातच आहे. वाणिज्य शाखेतली अनेक मुले-मुली टायपिंगची शासकीय परीक्षा देतात. त्या प्रमाणपत्राला वेग असतो: मराठी ३०, इंग्रजी ४०. म्हणजे मिनिटाला इतके शब्द. परीक्षा कोणी घेतली, कोणत्या भाषेची, वेग किती, हे कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळते. त्यात मोठा शब्द एकही नाही, आणि त्या कागदावर कोणी हसत नाही. प्रत्येक प्रमाणपत्राने धारकाला काय करता येते हे इतक्या उघडपणे सांगितले, तर पाट्यांवरच्या अर्ध्या शब्दांचा रंग उडून जाईल.

माझी सूचना लहान आहे. आपले वाणिज्य मंडळ आणि कन्नड विभाग यांनी मिळून एक पान तयार करावे, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. त्यात शब्दकोश नको. पाच प्रश्न हवेत. हा कागद कोणती संस्था देते आणि तिला मान्यता कोणाची? शिक्षण किती तासांचे, आणि त्यातले हाताने करण्याचे किती? आराखड्यातली पायरी कितवी आणि श्रेयांक किती? हा कागद घेऊन पुढे कोठे प्रवेश मिळतो आणि कोठे मिळत नाही? आणि शिकताना मिळणारा पैसा वेतन आहे की विद्यावेतन? जून महिन्यात हे पान आपल्या जुन्या शाळांत, आय.टी.आय.च्या फाटकाशी, एस.टी. स्टँडवर वाटता येईल. छपाईचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवापेक्षा नक्कीच कमी येईल.

आपण पदवीवाले या पानाकडे 'दुसऱ्यांसाठी केलेले काम' म्हणून पाहू नये. उद्या बी.कॉम. झाल्यावर आपल्यापैकी कित्येक जण याच शब्दांच्या रांगेत उभे राहणार आहेत; कोणी जी.एस.टी.च्या सर्टिफिकेट कोर्ससाठी, कोणी बँकेतल्या अॅप्रेंटिसशिपसाठी. शिवाय आपल्यातलेच काही जण पुढे कचेरीच्या खिडकीपलीकडे बसतील आणि कोणाच्या तरी अर्जात 'मजूर' लिहायचे की 'माग कारागीर', हे ठरवतील. त्या वेळी लेखणी क्षणभर थांबावी आणि समोरच्याला एकदा विचारावे: तुम्हाला काय काय करता येते? त्या उत्तराप्रमाणे रकाना भरला, तर आपले वाणिज्याचे शिक्षण कारणी लागले असे मी समजेन.